कूपनाच्या मागची बाजू

अमेरिकेंत जुन्या चित्रकथांची, म्हणजे कॉमिक्सची, खरेदी-विक्री करणारे लोक अंकाची पारख करतांना एक दोष हटकून नोंदतात : जाहिरातींतील कूपन कापलेलें आहे. अंक कितीही दुर्मिळ असो, त्यामुळें त्याचें मोल घसरतें. मला मात्र या दोषाविषयीं जिव्हाळा वाटतो. कोणा मुलानें कधीं काळीं कात्री घेऊन ठिपक्यांच्या रेषेवरून तो कागद कापला, आणि मागल्या बाजूस छापलेल्या गोष्टीचा तुकडाही त्याबरोबर टपालांत गेला.

या गोष्टींत वीरांच्या मंडळाच्या गोष्टींचें वेड विशेष. १९४० च्या हिवाळ्यांत ‘ऑल स्टार कॉमिक्स’चा तिसरा अंक निघाला. संपादक शेल्डन मेयर, लेखक गार्डनर फॉक्स, किंमत दहा सेंट. फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमन, डॉक्टर फेट इत्यादि आठ अद्भुत वीर, जे आजवर निरनिराळ्या मासिकांतून एकेकटे वावरत होते, ते त्यांत प्रथमच एका मेजाभोंवतीं बसले. बसून त्यांनीं केलें काय? आळीपाळीनें आपापल्या पराक्रमाच्या हकीकती सांगितल्या! आपल्या एखाद्या साहित्यमंडळाच्या बैठकींत याहून फारसें निराळें घडत नाहीं. ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’ हें त्या मंडळाचें नांव. ज्या वीराला स्वतःच्या नांवाचें मासिक लाभेल त्यानें सन्माननीय सभासद होऊन दुसऱ्यास जागा द्यावी, असा त्यांचा दंडक होता. तो न्यायापेक्षां दुकानदारीला धरून होता, हें उघड आहे. १९४१ च्या अखेरीस वंडर वूमन याच मासिकांतून प्रथम लोकांपुढें आली. पुढें मंडळांत तिला काम मिळालें तें चिटणिसाचें. बळानें ती कोणाला हार जाणारी नव्हती, तरी टिपणें लिहिण्याचें काम तिच्याकडेच!

तें मेज पाहून वाचणाऱ्या मुलाला वाटे, येथें आपल्यालाही एक खुर्ची असावी. प्रकाशकांनीं हें अचूक हेरलें. १९४२ सालीं पंधरा सेंट पाठविणाऱ्या बालकांस ‘ज्युनियर जस्टिस सोसायटी’चें सभासद करून घेण्यास त्यांनीं सुरुवात केली. प्रमाणपत्र, बिल्ला आणि सांकेतिक निरोप उलगडण्याचें साधन घरपोंच येई. येथें गोष्ट आणि जाहिरात यांतली भिंत पडली.

त्या काळच्या इतर जाहिरातीही याच ओढीवर जगत. चार्ल्स ॲटलासची जाहिरात तर स्वतःच एक चित्रकथा होती. समुद्रकांठीं एक दांडगा ९७ पौंड वजनाच्या मुलाच्या अंगावर वाळू उडवितो. मुलगा टपालानें व्यायामाचे धडे मागवितो, आणि परत येऊन त्याला ठोसा लगावतो. या ॲटलासचें मूळचें नांव एंजेलो सिसिलियानो. तो इटलींत जन्मलेला. पुढच्या पिढीला सहा डॉलर ९८ सेंटांत ‘पोलारिस’ पाणबुडी मिळाली, ती पुठ्ठ्याची! हॅरोल्ड फॉन ब्राउनहट यानें १९६२ पासून ‘सी-मंकीज’ या नांवानें विकलेले जीव चित्रांत मुगुट घातलेल्या हंसऱ्या कुटुंबासारखे दिसत. चित्रें जो ऑर्लँडोचीं. पाण्यांतून प्रत्यक्षांत निघे ती खाऱ्या पाण्यांतली इवलीशी कोळंबी. फसवणूक खरीच, पण टपालवाल्याची वाट पाहण्यांत गेलेले ते आठवडे खोटे होते, असें मला म्हणवत नाहीं.

१९५१ सालीं ५७ व्या अंकाबरोबर मंडळ संपलें; पुढच्या अंकापासून मासिकाचें नांव ‘ऑल स्टार वेस्टर्न’ झालें आणि त्यांत घोडेस्वार आले. तेथेंच हा इतिहास थांबावयाचा. परंतु लहानपणीं तें मासिक वाचलेला जेरी बेल्स आतां प्राध्यापक झाला होता, आणि त्याला तें मेज विसरवेना. त्यानें संपादकांकडे पत्रांचा लकडा लावला. फॉक्सनें जपलेले बांधीव अंक त्यानें त्याच्याकडून विकत घेतले. तेच अंक मिळावेत म्हणून मिसूरी प्रांतांतील रॉय थॉमस या तरुणानें फॉक्सला लिहिलें, तेव्हां त्याला बेल्सचें नांव कळलें. दोघांचा स्नेह जडला, आणि १९६१ सालीं बेल्सनें ‘आल्टर ईगो’ हें हौशी नियतकालिक काढलें. १९६० मध्यें फॉक्सच्याच लेखणींतून ‘जस्टिस लीग’ हें नवें मंडळ अवतरलें होतें. १९६३ सालीं जुन्या मंडळाला त्याच्या भेटीस आणण्यांत आलें. थॉमस पुढें स्वतःच लेखक झाला, आणि १९८१ मध्यें ‘ऑल-स्टार स्क्वॉड्रन’मधून त्यानें त्या युद्धकालीन वीरांच्या नव्या गोष्टी लिहिल्या.

१९९२ पासून ‘ऑल स्टार’च्या मूळ गोष्टी जाड, गुळगुळीत कागदावर ग्रंथरूपानें निघूं लागल्या. चित्रें स्वच्छ आहेत, एकही तुकडा गहाळ नाहीं. जाहिराती मात्र गाळल्या आहेत. म्हणून कित्येक वयस्क वाचक तो ग्रंथ कपाटांत ठेवून अजूनही पिवळे पडलेले, तुकडे पडूं लागलेले मूळ अंकच शोधीत असतात. आणि कूपन कापलेला असला, तर तो स्वस्त मिळतो.