सटीची रात्र

पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले व नव्या काबिजादींत गणले जाऊ लागले. पणजीत १८४२ साली वैद्यकशाळा निघाली खरी, पण नदीपलीकडच्या खेड्यांतील बाळंतिणीचा भरवसा वोयजिणीवर आणि वाड्यावरच्या बायकांवरच राहिला.

गरोदर बाईचे पाय सुजत, डोके ठणके, डोळ्यांपुढे अंधारी येई आणि एके दिवशी झटके येत. हा वाढलेल्या रक्तदाबाचा विकार. तेव्हा त्याला झपाटणे म्हणत. बाळंतपणात दगावलेली बाई अळवंतीण होते, ही समजूतही अशाच भयातून आली असावी. आज आपण हसतो. पण घरोघरी असे मृत्यू पाहिल्याशिवाय असले भूत जन्माला येत नाही.

सहाव्या रात्री सटी येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून ती रात्र जागवायची. मला या जागरणात आणखीही काही दिसते. नाळेच्या जखमेतून होणारा धनुर्वात बाळाला बहुधा पहिल्या पंधरवड्यातच गाठतो. बाळंतज्वरही त्याच दिवसांतला. नेमक्या त्या दिवसांत बाळंतिणीपाशी चार बायका जाग्या असत. उपाय त्यांच्या हाती नव्हता, आणि नाळ कापायचे हत्यार उकळून घ्यायचे असते हेही ठाऊक नव्हते. जंतूंचे ज्ञानच मुळी नंतरचे. हात धुण्याने बाळंतज्वर टळतो, हे झेमेलवाइसने व्हिएन्नात १८४७ साली दाखवले, तर तिथल्या डॉक्टरांनीही ते मानले नाही!

नवजात बाळांच्या धनुर्वाताचे प्रमाण भारतातील प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. ते साधले लसीने आणि स्वच्छ पात्याने. सटी मात्र अजूनही पुजली जाते.