अहवालात नसलेला रकाना

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल समितीचा एक सभासद या नात्याने माझ्या हाती आला. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे आणि तीन प्रकरणे : सेवा, जागा, सहकार्य. वर्षभरात कोणत्या नव्या सेवा सुरू झाल्या, अभ्यासिकेत किती खुर्च्या वाढल्या, कोणकोणत्या संस्थांशी करार झाले, ह्याची तपशीलवार नोंद त्यात आहे. वाचून बरे वाटले, हे आधीच सांगून टाकतो. मी ग्रंथालयाचा वैरी नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पुस्तक हाती धरले नव्हते. खताच्या गोणीवरची अक्षरेसुद्धा माझे वडील दुसऱ्याकडून वाचून घेत. मला जे काही आले ते ग्रंथालयांतून आले. म्हणूनच अहवाल दुसऱ्यांदा वाचला, आणि जे शोधत होतो ते सापडले नाही. ह्या वर्षी ह्या दारातून आयुष्यात प्रथमच कोण आत आले? आणि दारापर्यंत येऊन कोण परत गेले?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला मी ज्या विद्यापीठात होतो, तेथे पुस्तक खोलीवर न्यायचे तर अनामत रक्कम भरावी लागे. शिष्यवृत्ती जमा झाली की भरतो, असे मी सांगितले. शिष्यवृत्ती जमा झाली मार्चअखेर, आणि परीक्षा होती एप्रिलात. ते सबंध वर्ष मी अभ्यासिकेत बसून पुस्तके वहीत उतरवून काढली. अक्षर सुधारले, एवढाच काय तो लाभ. दाराशी ठेवलेल्या नोंदवहीत मी रोज सही करीत असे. म्हणजे त्या वर्षीच्या अहवालात मी ‘वाचक’ म्हणून रोज मोजला गेलो असणार! मोजला गेलो, पण पुस्तक मिळाले नाही. ह्या दोन गोष्टींमधले अंतर समजून घ्यावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्याकडच्या सार्वजनिक म्हणविणाऱ्या ग्रंथालयांचा जन्म वर्गणीतून झाला. पुण्यात १८४८ साली नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. त्याच वर्षी त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. इतिहासाची पुस्तके ह्या दोन घटना एकाच प्रबोधनाच्या दोन फांद्या म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. एका ठिकाणी ज्याला वाचता येते आणि वर्गणी परवडते तो सभासद होत होता. दुसऱ्या ठिकाणी, ज्यांना वाचू द्यावयाचे नाही असे धर्माने ठरविले होते त्यांच्या हाती पाटी दिली जात होती, आणि ती देणाऱ्यांवर शेण पडत होते. वर्गणीच्या ग्रंथालयाला ‘जनरल’ म्हणायचे, तर ते ‘जन’ कोण हे विचारावेच लागते.

वर्गणीची ही कोंडी मोठ्या प्रमाणावर फोडली ती बडोद्याने. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले. परंतु शाळा सोडलेला मुलगा काही वर्षांत अक्षरे विसरतो, हा प्रश्न उरलाच. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तेथली मोफत ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन ह्यांना बडोद्याला आणले आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच काढले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्यांत आणि गावांत शाखा, आणि जेथे शाखा नाही तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये. १९११ मध्ये ग्रंथपालनाचे वर्ग सुरू झाले. १९१२ मध्ये इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतले ग्रंथालयविषयक नियतकालिक निघाले. आजच्या अहवालातल्या सेवा, जागा आणि सहकार्य ह्या तिन्ही शब्दांत बसेल असे काम शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ह्या संस्थानात झाले. एका संस्थानिकाने ते केले, हे आपल्या लोकशाहीने जरा लाजून वाचावे.

ह्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. पण त्याआधीची एक जागा सांगितली पाहिजे. परळच्या चाळीतील एका खोलीत सगळे कुटुंब. शाळा सुटली की हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्यांनी त्याला पाहिले, ओळख करून घेतली, पुस्तके दिली. पुढे बडोद्याच्या महाराजांकडे शब्द टाकला तोही त्यांनीच. म्हणजे बाबासाहेबांची पहिली अभ्यासिका एक बाग होती, आणि पहिले ग्रंथपाल एक मराठी लेखक-शिक्षक. कोणत्याही अहवालात त्या बाकाची नोंद नाही.

कोलंबियाचे लो ग्रंथालय तेव्हा सोळा वर्षांचे होते. मोठा घुमट, त्याखाली गोल वाचनदालन. तेथे बाबासाहेबांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. ह्या आकड्यांकडे मी पुन्हापुन्हा पाहतो. मिळालेल्या वेळात जे जे घेता येईल ते घेऊन जावयाचे, अशी ही भूक आहे. पुन्हा हे दार उघडेल की नाही हे ज्याला ठाऊक नसते, तो असा वाचतो. १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर ह्यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. ज्याला स्वतःच्या देशात शाळेच्या नळाला हात लावता आला नाही, त्याने त्या नळाचा इतिहास परक्या देशातल्या ग्रंथालयात बसून लिहिला.

आणि १९१७. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धा राहिला, करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला यावे लागले. देशातली अग्रेसर ग्रंथालय व्यवस्था ज्या शहरात होती, तेच हे शहर. ह्या शहरात पुस्तकाला जागा होती. ते वाचणाऱ्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. दोन मित्रांकडे विचारणा केली, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठीबागेत बसून काढला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पहिल्या बागेत ते बसले ते घरात वाचायला जागा नव्हती म्हणून. दुसऱ्या बागेत बसले ते शहरात राहायला जागा नव्हती म्हणून. मधल्या काळात ते कोलंबियाचे एम.ए. झाले होते.

सयाजीरावांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या, शिष्यवृत्त्या दिल्या. त्यांचे ऋण कोण नाकारील? पण राजाच्या हुकमाने कपाट उघडते, समाजाचे मन उघडत नाही. मोफत ग्रंथालय आणि मुक्त ग्रंथालय ह्यांत फरक आहे. पैसे लागत नाहीत म्हणजे आडकाठी नाही, असे ज्याला वाटते त्याने आडकाठी कधी सोसलेली नाही.

१९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. महाडचे चवदार तळे आणि १९२७ चा संगर ह्याच ठरावातून पुढे आला, हे आपणा सर्वांना पाठ आहे. मी विद्यार्थ्यांना हा ठराव शिकवितो तेव्हा ती यादी फळ्यावर लिहितो आणि विचारतो, काय राहिले? पोरे ‘देऊळ’ म्हणतात. ते तर राहिलेच. पण वाचनालयही राहिले आहे. यादीत ते नावाने कोठेच नाही. बोल्यांचा हेतू शुद्ध होता, तक्रार त्यांच्याविषयी नाही. मला वाटते, अस्पृश्य माणूस पाणी मागेल, औषध मागेल, न्याय मागेल, इथवर त्या सभागृहाची कल्पना गेली. तो येऊन ग्रंथ मागेल, हे कोणाच्या ध्यानीच आले नसावे.

ज्यांच्या ध्यानी आले त्यांनी लगेच पुढच्या वर्षी संस्था काढली. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे उद्देश काढून पाहावेत. पहिला उद्देश वसतिगृहे काढून शिक्षणप्रसार करण्याचा. दुसरा ग्रंथालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढून संस्कृतीचा प्रसार करण्याचा. औद्योगिक आणि शेतकी शाळा त्यानंतर येतात, गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणे त्याच्याही नंतर. पोटाला भाकर नसलेल्या समाजाची संघटना आपल्या उद्देशांत ग्रंथालय दुसऱ्या क्रमांकावर ठेवते! सोलापुरात १९२५ साली वसतिगृह निघाले, मुंबईत मोफत वाचनालय निघाले आणि हॉकीचा एक संघही. हॉकी हा मला फार आवडलेला तपशील आहे. वाचनालय आणि मैदान, दोन्हीकडे आमची पोरे दिसली पाहिजेत असे कोणाला तरी वाटले होते.

त्याच १९२४ साली मद्रास विद्यापीठात रंगनाथन ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. पुढे १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतो आणि प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, असा त्यांतील पहिल्या दोहोंचा आशय. आमचे ग्रंथपाल ती परीक्षेसाठी पाठ करतात. मुंबईतल्या वाचनालयाने त्यांतले दुसरे सूत्र आपल्या बळावर आधीच अंमलात आणायला घेतले होते, पण ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात ते वाचनालय काही मला भेटलेले नाही.

बाबासाहेबांनी पुढे स्वतः महाविद्यालये काढली तेव्हा ही दृष्टी त्यांत उतरली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले ते नोकरी करणाऱ्या मुलांना येता यावे म्हणून सकाळच्या वेळात. वेळ हीदेखील एक सेवा आहे. आज ग्रंथालय सकाळी दहाला उघडते आणि बांधकामावर जाणारा मुलगा सात वाजता बाहेर पडतो. मग ते ग्रंथालय कोणासाठी उघडते? १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचा आरंभ झाला. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाला मुकलेल्या मराठवाड्यातल्या पोरांनी नागसेनवनात येऊन वाचले, आणि दलित साहित्याच्या चळवळीतले कितीतरी लेखक त्या आवारातून निघाले. हे फळ कोणत्या वर्षीच्या अहवालात दाखविणार?

आता सहकार्याविषयी. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था. योजना वाईट नाही. गडचिरोलीच्या संशोधकाला लंडनचा अंक वाचता यावा, ह्याला विरोध करणारा मूर्ख ठरेल. पण हे सहकार्य जातेच मुळी एका दिशेने. आमच्या चळवळीचा कागद कोण सांभाळतो? खुद्द बाबासाहेबांची हस्तलिखिते त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर वर्षानुवर्षे पेट्यांतून न्यायालयीन ताब्यात पडून होती. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखनाचा पहिला खंड काढला तो १९७९ साली, वसंत मून ह्यांच्या संपादनाखाली. विधिमंडळाचा नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या सोळा वर्षांत वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, हजारो पत्रके निघाली. ती पत्रके मी पाहिली ती कार्यकर्त्यांच्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेत, वाळवीच्या सोबतीने. एका विद्यापीठाच्या नावासाठी झालेल्या लढ्याचे कागद विद्यापीठांच्या कपाटांत किती आहेत, हे आपापल्या ठिकाणी वाचकांनी जाऊन विचारावे. परदेशी प्रकाशकाशी करार होतो तसा ह्या ट्रंकांच्या मालकांशीही करार होऊ शकतो. त्याला ६,००० कोटी लागत नाहीत. दोन माणसे, एक जीपगाडी आणि थोडी नम्रता लागते.

जागेबद्दल एवढेच. आमच्या नव्या अभ्यासिकेत खुर्ची मिळत नाही, ही आनंदाची गोष्ट म्हणून अहवालात छापली आहे. पोरे सकाळपासून बसतात हे खरे. पण प्रत्येकापुढे त्याचे स्वतःचे स्पर्धा परीक्षेचे पुस्तक असते. ग्रंथालयाच्या कपाटाशी त्यांचा संबंध नाही. खोलीत चौघे राहतात, तेथे वाचता येत नाही, म्हणून ती येतात. चर्नी रोडच्या बागेतला बाक आता छपराखाली आला, पंखा लागला. केळुसकर मात्र तेथे नाहीत.

समितीच्या सभेत मी तीन रकाने सुचविले. घराण्यातले पहिलेच वाचक किती, वर्षात एकही पुस्तक घरी न नेलेले सभासद किती, आणि अनामत नसल्यामुळे परत गेलेले किती. अहवालाचा नमुना ठरलेला आहे, त्यात रकाना वाढविता येत नाही, असे उत्तर मिळाले. शिष्यवृत्तीधारकांना अनामत माफ करण्याची माझी सूचना ‘लेखा विभागाचे मत मागवून’ पुढील सभेत घ्यावयाचे ठरले. चहा झाला. बाहेर पडताना देवघेव विभागातले परिचर जवळ आले. “सर, अनामत भरली नाही म्हणून थांबलेले अर्ज मी फेकत नाही. खणात ठेवलेत, तीन-चार वर्षांचे असतील.” खण उघडून दाखविला. अर्ज सुतळीने वर्षवार बांधलेले होते. शनिवारी दुपारी दोघांनी बसून ते मोजायचे ठरविले आहे.