टाळीचा ताळेबंद

जगात फुकट मिळणाऱ्या ज्या थोड्या वस्तू उरल्या आहेत, त्यांत सल्ला, ऊन आणि परीक्षकाची खुर्ची यांचा नंबर फार वरचा आहे. पैकी सल्ला कोणी घेत नाही आणि आमच्या अंबडला चैत्रात ऊन कोणाला नको असतं. खुर्चीला मात्र गिऱ्हाईक हमखास! आणि ते गिऱ्हाईक बँकेतलं असेल तर मंडळाची फारच सोय होते. 'ह्यांची बेरीज चुकायची नाही' एवढ्या एकाच गुणावर माझी आमच्या गल्लीतल्या विविध गुणदर्शनाच्या परीक्षकपदी नेमणूक झाली. कलेतलं काय कळतं, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात हुंडी होती, लावणी नव्हती.

तेवीस कार्यक्रम होते. चार नकला, एक बासरी, एक जादूगार, आणि उरलेले सगळे एकाच सिनेमातल्या दोन गाण्यांवरचे नाच. दुसऱ्या दिवशी एका स्पर्धक मुलीचे वडील पासबुक घेऊन माझ्या खिडकीशी हजर!

"साहेब, नोंद करून द्या. आणि पोरीला वेशभूषेत सातच कसे काय?"

मी म्हटलं, "काका, निकालावर ओव्हरड्राफ्ट देत नाहीत."

ते गेले, पण मला एक नाद लावून गेले. नाचणाऱ्या-गाणाऱ्याला गुण द्यायचा हा अधिकार पूर्वी कोणाकोणाकडे होता आणि त्यांनी त्याची किंमत काय मोजली? जमाखर्च मांडायची सवय असल्यामुळे मी तिथूनच सुरुवात केली.

पहिले परीक्षक अर्थातच सत्ताधीश. उत्तर पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होनाजी बाळासारख्या शाहिरांची चलती होती. आवडलं तर बिदागी मिळे, नाही आवडलं तर वाड्याचा दरवाजा दिसे. पण त्या काळातला माझ्या मते सगळ्यांत कडक निकाल एका बाईंनी दिला. संगमनेरचा अनंत फंदी डफ घेऊन तमाशा गाजवत होता. त्याची गाठ अहिल्याबाई होळकरांशी पडली. ब्राह्मणाने तमाशा करणं ठीक नव्हे, असं बाईंनी सांगितलं म्हणतात. आणि फंदीने डफ टाकून कीर्तन धरलं. आमच्या मत्स्योदरी देवीच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनीच केला, असं गावात सांगतात. तेव्हा बाईंच्या न्यायबुद्धीबद्दल अंबडात उभं राहून शंका काढणं धोक्याचं! पण फंदीचं नाव आजही घेतलं जातं ते मुख्यत्वे त्याच्या फटक्यांमुळे आणि लावण्यांमुळे, हेही मी हळूच नोंदवून ठेवतो.

दुसरे परीक्षक म्हणजे प्रतिस्पर्धी. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर बसत. कलगीवाले म्हणत शक्ती थोर, तुरेवाले म्हणत शिव थोर. एकाने गाण्यात कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातच ते सोडवायचं. उत्तर सुचलं नाही की हार. हा सामना उजाडेपर्यंत चाले, म्हणून त्याचं कौतुक करतात. आमच्या घरी तो एकवीस वर्षं चालू आहे आणि एकदाही तुरा जिंकलेला नाही.

तिसरा परीक्षक सर्वांत मोठा, तो म्हणजे समोरची गर्दी. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने ह्या कामी 'वन्स मोअर' नावाचं हत्यार शोधलं. १९१६ साली 'स्वयंवर' रंगभूमीवर आलं, आणि बालगंधर्वांची पदं पुनःपुन्हा म्हणवून घेत लोकांनी रात्रीची पहाट केली. तमाशाच्या प्रेक्षकाची रीत जास्त रोखठोक. तो दौलतजादा करतो. नोट पुढे करायची, फर्माईश सांगायची, आणि देणाऱ्याचं नाव सगळ्यांसमोर पुकारलं गेलं पाहिजे! देणगीची पावती जागच्या जागी देणारी ही बहुधा देशातली एकमेव संस्था असावी.

गर्दी तिकडे साता समुद्रापारही हीच. न्यूयॉर्कच्या मायनर्स बॉवरी थिएटरात हौशी कलावंतांची रात्र असे. एखादा फारच रटाळ निघाला की विंगेतून लांब दांड्याचा आकडा यायचा आणि त्याला कमरेला धरून आत ओढून घ्यायचा. (हा आकडा आमच्याकडच्या सत्कार-समारंभात का आणत नाहीत?) त्याच शहरात हार्लेममधल्या अपोलो थिएटरात १९३४ साली सतरा वर्षांची एक पोरगी नाचायला म्हणून आली. आधीच्या नाचणाऱ्या मुली पाहून तिचा धीर सुटला, म्हणून ती नाचायचं सोडून गायली. गर्दीने तिला पहिलं बक्षीस दिलं, पंचवीस डॉलर. तिचं नाव एला फिट्झजेराल्ड. गर्दीचे सगळेच निकाल वरच्या कोर्टात फिरत नाहीत, ते असे.

पण गर्दीच्या खात्याला एक खोड आहे. ते चालू खातं असतं, मुदत ठेव नव्हे. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी घरचं कुलकर्णीपण सोडलं आणि ते पठ्ठे बापूराव झाले. पवळेबरोबर त्यांनी तमाशा गाजवला. जातीने वाळीत टाकलं, गर्दीने डोक्यावर घेतलं. १९४५ साली पुण्यात ते वारले तेव्हा मात्र खिसा रिकामा होता. टाळ्या पडल्या त्या हवेत पडल्या. त्यांचं व्याज कोणी जमा केलेलं नव्हतं.

स्वातंत्र्य मिळालं आणि चौथे परीक्षक आले, सरकार. तमाशा बिघडला आहे असं मुंबई सरकारचं मत पडलं. बंदी आली, मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती आली, आणि खेळापूर्वी वगाची संहिता तपासून घेण्याचा नियम आला. ज्या वगातले निम्मे विनोद सोंगाड्याला समोरचा पाटील बघून सुचायचे, तो वग आता तीन प्रतींत लिहून द्या! आम्ही मराठवाडेकर १९५६ साली मुंबई राज्यात आलो, तेव्हा पंगत अर्धी उठली होती. पण अर्ज तीन प्रतींत करायची पद्धत मात्र आम्हांला पुरेपूर मिळाली.

शहरातल्या थिएटरांत निकाल तिकिटाच्या खिडकीवर लागे. लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणगावचा कामगार पाळी संपवून बाकावर येऊन बसे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, परीक्षकांचाच पगार गेला, आणि पुढे ते थिएटरही बंद पडलं. आता लावणीच्या स्पर्धा होतात, अकलूजची तर प्रसिद्धच आहे. तिथे गुणपत्रिका असते, जाणकार परीक्षक असतात. ती चांगली गोष्ट आहे. आमच्या मंडळासारखी बेरजेवर भरती तिथे होत नसणार.

पण तमाशाच्या फडाचा खरा निकाल अजूनही पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला लागतो. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या जत्रा कमिट्यांची माणसं येतात, राहुटीत बसून चहा पितात, कोण नाचतं, वग कुठला, माणसं किती, असं सगळं विचारून घासाघीस करतात आणि सुपारी देतात. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं. हंगाम सुरू व्हायच्या आधी कलावंतांना उचल द्यावी लागते, त्यासाठी मालक सावकाराकडे जातो. मग चैत्र-वैशाखाच्या सुपाऱ्यांतून ते फेडायचं. २०२० आणि २०२१ ह्या दोन्ही वर्षी साथीमुळे जत्राच भरल्या नाहीत. राहुट्या नाहीत, सुपाऱ्या नाहीत, व्याज मात्र बिनचूक हजर!

मी पूर्वी होतो त्या एका शाखेत असेच एक फडमालक कर्ज मागायला आले होते. अर्जात 'तारण' ह्या रकान्यापुढे त्यांनी लिहिलं होतं: 'एक ट्रक, कनात, ढोलक्या, आणि नाव.' साहेबांनी ट्रकचं वय विचारलं, ढोलक्यांकडे दुर्लक्ष केलं, आणि नावाखाली लाल रेघ मारली. त्या अर्जाचं पुढे काय झालं हे बँकेत नोकरी करणाऱ्याला सांगायला नको.

विठाबाई नारायणगावकरांचा किस्सा महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. समोरच्या लोकांच्या ते ध्यानात आलं आणि लोकांनीच खेळ थांबवायला लावला. तिकिटाचे पैसे मोजलेल्या, बाकावर ठाण मांडून बसलेल्या लोकांनी! १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. २००२ साली त्या गेल्या, तोवर पैशाची चणचण सुटली नव्हती. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

इतक्या सगळ्या परीक्षकांत माझं मत त्या रात्रीच्या गर्दीला. राजाने दिलं ते खजिन्यातून, सरकारने दिलं ते अंदाजपत्रकातून, आम्ही गल्लीतले परीक्षक तर फुकटच्या चहावर गुण वाटतो. त्या लोकांनी मात्र आपल्या हक्काचा उरलेला तमाशा सोडून दिला.

यंदा आपल्या गावची जत्रा कमिटी सुपारी द्यायला निघाली, तर वर्गणी देताना एवढंच विचारा, की ठरलेली रक्कम खेळाच्या रात्रीच हातात पडणार ना? टाळ्या नंतर वाजवल्या तरी चालतील.