फेऑक्तिस्तॉव्ह, कॉन्स्तान्तिन पित्रोव्हिच

(७ फेब्रुवारी १९२६ – २१ नोव्हेंबर २००९). सोव्हिएट अभियंता व अवकाशवीर. अवकाशयानाच्या अभिकल्पात (आराखडा तयार करण्यात) प्रमुख वाटा असलेल्या अभियंत्याने स्वतः अवकाशप्रवास केल्याचे पहिले उदाहरण म्हणून त्यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांचा जन्म व्हॉरोनेझ येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते सोव्हिएट सैन्यासाठी टेहळणी करीत असता जर्मनांच्या हाती सापडले. त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. ती हनुवटी व मान यांतून आरपार गेली. मृत समजून सोडून दिलेले फेऑक्तिस्तॉव्ह स्वपक्षाच्या हद्दीत परत पोहोचले. पुढे मॉस्को येथील बाउमन उच्च तंत्रशाळेत त्यांनी शिक्षण घेतले व १९४९ मध्ये अभियांत्रिकीची पदवी मिळविली.

काही काळ कारखान्यात काम केल्यावर ते मिखाईल तिखोन्‍राव्हॉव्ह यांच्या संशोधक गटात दाखल झाले. १९५७ पासून त्यांनी सर्गेई कॉरोल्यॉव्ह यांच्या अभिकल्प विभागात काम केले. मानवास कक्षेत नेणाऱ्या ‘व्होस्टोक’ यानाच्या आराखड्याचे काम त्यांच्याकडे होते. परत येणाऱ्या कोठीसाठी गोल आकार निवडण्यात आला. सर्व वेगांना गोलाचे वायुगतिकीय वर्तन चांगले ज्ञात होते. शिवाय गुरुत्वमध्य केंद्रापासून बाजूस ठेवल्यास असा गोल वातावरणात शिरताना आपोआप योग्य स्थितीत येई व त्यासाठी नियंत्रक यंत्रणा लागत नसे. सु. २·३ मी. व्यासाच्या या कोठीतून १९६१ मध्ये यूरी गागारिन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली.

१९६४ पर्यंत सोव्हिएट अवकाशवीर हे व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा यांचा अपवाद वगळता लष्करी वैमानिक होते. अमेरिकेचे दोन आसनी ‘जेमिनी’ यान तयार होत असता, त्याआधी तिघांना एकाच यानातून नेण्याचे काम कॉरोल्यॉव्ह यांच्यावर येऊन पडले. व्होस्टोकच्याच कोठीत तीन आसने बसविणे शक्य झाल्यास एक जागा अभियंत्यास देण्याचे आश्वासन त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना दिले. जागेच्या अभावी अवकाशपोशाख व बाहेर फेकली जाणारी आसने वगळावी लागली. त्यामुळे कोठीतील हवेचा दाब नाहीसा झाल्यास किंवा उड्डाणाच्या आरंभीच अग्निबाण निकामी झाल्यास प्रवाशांना वाचविण्याचे साधन उरले नाही. हा धोका पत्करून आराखडा करणाऱ्यानेच त्यात प्रवास करणे हे या उड्डाणाचे वैशिष्ट्य होय. फेऑक्तिस्तॉव्ह यांची प्रकृती वैमानिकांसाठी ठरविलेल्या निकषांत बसत नसल्याने त्यांच्या निवडीस हवाई दलातून विरोध झाला. ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही नव्हते. तरीही कॉरोल्यॉव्ह यांच्या आग्रहामुळे त्यांची निवड कायम राहिली.

व्ह्लदीमिर कोमारोव्ह व वैद्य बरीस येगोरोव्ह यांच्यासह ‘व्होस्खोद’ यानातून १२ ऑक्टोबर १९६४ रोजी त्यांनी उड्डाण केले. सु. २४ तासांत १६ प्रदक्षिणा करून यान १३ ऑक्टोबर रोजी कझाकस्तानात उतरले. हवाई छत्रीस जोडलेल्या लहान अग्निबाणामुळे प्रवासी कोठीतच बसून जमिनीवर उतरू शकले. त्यांना शुभेच्छा देणारे निकिता ख्रुश्चॉव्ह दुसऱ्याच दिवशी सत्तेवरून दूर झाले होते.

या उड्डाणानंतर त्यांनी ‘सोयूझ’ याने, ‘सॅल्यूट’ व ‘मीर’ स्थानके आणि मालवाहू ‘प्रोग्रेस’ यान यांच्या अभिकल्पात महत्त्वाचा भाग घेतला. १९६६ मध्ये अभिकल्प विभागातील अभियंत्यांचा स्वतंत्र अवकाशवीर गट तयार झाला व अभियंत्यांची उड्डाणे नियमित होऊ लागली. अवकाशपोशाखाशिवाय प्रवास करण्यातील धोका मात्र १९७१ मध्ये खरा ठरला. त्या वर्षी ‘सोयूझ ११’ परतताना कोठीतील हवा निघून गेल्याने तिघेही अवकाशवीर मरण पावले. त्यानंतर उड्डाण व अवतरण यांवेळी अवकाशपोशाख आवश्यक मानला गेला आणि तिघांचे पथक १९८० मध्ये ‘सोयूझ टी-३’ मधून पुन्हा पाठविण्यात आले. या पथकासाठी फेऑक्तिस्तॉव्ह यांनीही तयारी केली होती. पण प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना वगळण्यात आले.

१९६४ मध्ये त्यांना ‘सोव्हिएट संघाचा वीर’ हा किताब मिळाला. १९९० मध्ये अभिकल्प विभाग सोडल्यावर त्यांनी बाउमन संस्थेत अध्यापन केले. चंद्रावरील एका विवरास त्यांचे नाव देण्यात आले आहे. मॉस्को येथे ते मृत्यू पावले.