एकच शस्त्र, दोन साक्षी

शस्त्रावरचा भरवसा ही मोठी नाजूक गोष्ट आहे. घरांतलें घड्याळ बंद पडलें तर फार तर गाडी चुकते. शिपायाची बंदूक ऐन वेळीं बंद पडली तर त्यास दुसरी संधि मिळेलच असें नाहीं. म्हणून ज्यानें शस्त्र स्वतः हातांत धरलें, त्याची साक्ष त्या शस्त्राविषयीं सर्वांत मोलाची मानली जाते. परंतु इतिहास चाळूं लागलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट आढळते. एकाच कारखान्यांतून, एकाच सांच्यांतून निघालेल्या शस्त्राविषयीं दोन प्रामाणिक माणसें अगदीं उलट साक्ष देतात. एक म्हणतो, 'यानें मला कधींही दगा दिला नाहीं.' दुसरा म्हणतो, 'यानें मला मरणाच्या दारांत नेऊन उभें केलें.' अशा वेळीं दोघांपैकीं एकास खोटें ठरवून मोकळें होणें सोपें असतें. दोघेही खरें बोलत आहेत असें धरून चाललें, तर मात्र पुष्कळ शिकावयास मिळतें.

हा प्रकार आजचा नव्हे. तोड्याच्या बंदुकीस जळती वात लागे. कोरड्या देशावर ती बंदूक इमानी ठरे. तीच मावळच्या पावसांत आणली म्हणजे वात विझे, कानांतील दारू ओली होई आणि बंदूक काठीच्या मोलाची राही. २३ जून १७५७ रोजीं प्लासीच्या मैदानावर दुपारीं जोराचा पाऊस आला. दारू दोन्ही पक्षांची सारखीच भिजणारी होती. इंग्रजांनीं आपली दारू डांबर लावलेल्या कापडाखालीं झांकली. नबाबाच्या सैन्यानें तशी तजवीज केली नव्हती. पाऊस थांबल्यावर एका बाजूच्या तोफा बोलूं लागल्या आणि दुसऱ्या बाजूच्या मुक्या राहिल्या. त्या दिवशीं नबाबाच्या गोलंदाजानें 'तोफेनें दगा दिला' असें म्हटलें असतें, तर तें खोटें नव्हतें. पण पुरतें खरेंही नव्हतें.

आपल्या काळांत हाच वाद पोलादाच्या जागीं प्लॅस्टिक आल्यामुळें नव्यानें उभा राहिला. पिस्तुलाचा सांगाडा पोलादाचाच असावा अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. जर्मनीच्या हेक्लर आणि कोख या कारखान्यानें १९७० सालीं रासायनिक रीतीनें बनविलेल्या कठीण प्लॅस्टिकचा, म्हणजे पॉलिमरचा, सांगाडा असलेलें पिस्तूल बाजारांत आणलें. त्या जातीस खरी प्रतिष्ठा मिळाली ती गास्टन ग्लॉक या ऑस्ट्रियन कारखानदारामुळें. त्याचें पिस्तूल १९८२ सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यानें स्वीकारलें. तत्पूर्वीं ग्लॉकनें पिस्तूल कधीं बनविलें नव्हतें. तो पडद्यांच्या दांड्या आणि लष्करासाठीं सुऱ्या करीत असे. हें 'प्लॅस्टिकचें पिस्तूल' विमानतळावरील तपासणींत दिसणार नाहीं, अशी त्या वेळीं मोठी आवई उठली होती. वस्तुतः नळी, वरचा सरकता भाग, कमानी हें सर्व पोलादच असतें. प्लॅस्टिक असतो तो खालचा सांगाडा आणि मूठ.

या पिस्तुलांविषयीं वापरणारांचे अनुभव पहिल्यापासून भिन्न भिन्न आहेत. कोणी सांगतो कीं, हजारों गोळ्या झाडल्या पण एकदांही अडखळलें नाहीं. कोणी सांगतो कीं, पहिल्याच दिवशीं रिकामें काडतूस तोंडाशीं अडकून बसलें. कारण शोधूं गेलें तर तें पुष्कळदां पिस्तुलाच्या बाहेर सांपडतें. गोळी सुटतांच धक्क्याच्या जोरानें वरचा भाग मागें सरकतो, रिकामें काडतूस बाहेर टाकतो आणि नवें आंत घेतो. यासाठीं खालचा सांगाडा जागच्या जागीं स्थिर राहावा लागतो. पोलादी सांगाडा स्वतःच्या वजनानें बराचसा स्थिर राहतो. हलका सांगाडा मनगट सैल असेल तर वरच्या भागाबरोबर मागें जातो. मग वरच्या भागाची धांव अपुरी पडते आणि काडतूस मध्येंच अडकतें. काडतुसांतील दारू कमी जोराची असली तरी हेंच घडतें. म्हणजे कसलेल्या हातांत उत्तम चालणारें पिस्तूल नवशिक्याच्या हातांत अडखळतें, आणि दोघेही आपापल्या अनुभवापुरतें खरें बोलतात.

आपल्या देशांत या पिस्तुलांचा अनुभव सामान्य गृहस्थास येण्याचा संभव कमी. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं नऊ मिलिमीटर व्यासाचीं पिस्तुलें निषिद्ध वर्गांत मोडतात आणि साध्या परवान्यावर मिळत नाहींत. राष्ट्रीय सुरक्षा दलासारख्या निवडक पथकांच्या हातीं ग्लॉक दिसतें. तेव्हां पोलादाशेजारीं प्लॅस्टिक ठेवल्यावर शस्त्रधाऱ्यांना कसकसे अनुभव आले, याची मोठ्या प्रमाणावरील कसोटी आपल्याकडे पाहावयाची तर पिस्तूल सोडून रायफलीकडे वळावें लागतें. आणि ती रायफल पुण्याचीच आहे.

हिंजवडीच्या माळावर आज संगणकाच्या कचेऱ्यांच्या कांचेच्या इमारती उभ्या आहेत. तेथून मुळा नदी ओलांडून आग्नेयेस वळलें म्हणजे पाषाण लागतें. येथें शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्था आहे. तिची स्थापना १९५८ सालची. आणखी पूर्वेस खडकी. तेथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. काडतूस आणि बंदूक यांच्याशीं पुण्याचा संबंध असा दीडशें वर्षांचा आहे. याच पाषाणच्या संस्थेंत १९८० नंतरच्या दशकांत एका नव्या रायफलीचा आराखडा तयार झाला. 'इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम' या तिच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून सैन्यांत तिला 'इन्सास' म्हणूं लागले.

त्या वेळीं आपल्या पायदळाकडे ७.६२ मिलिमीटरची जड, लांब रायफल होती. तिचा मारा जोरदार, पण धक्काही तसाच. जगांतील सैन्यें लहान ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाकडे वळलीं होतीं. काडतूस हलकें, म्हणून शिपायास तेवढ्याच वजनांत अधिक गोळ्या नेतां येतात. धक्का कमी, म्हणून नेम टिकतो. इन्सास या विचारानें घडली. एका वेळीं एक गोळी किंवा चाप एकदां ओढतांच तीन गोळ्या, अशी तिची योजना होती. काडतुसांची पेटी अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची केली. आंत किती गोळ्या उरल्या तें शिपायास डोळ्यांनीं दिसावें हा त्यांतील हेतु. दस्ता आणि नळीखालची पकड यांतही पुढें लांकडाऐवजीं प्लॅस्टिक आलें. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यांत ती तयार होऊं लागली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस पायदळाच्या हातीं पोंचली.

ती हातीं पोंचते न पोंचते तोंच १९९९ चा उन्हाळा उजाडला. कारगिलच्या लढाईंत मे ते जुलै या महिन्यांत आपल्या शिपायांनीं सोळा सोळा हजार फूट उंचीचीं शिखरें खालून वर चढत जिंकलीं. उन्हाळा असला तरी तेथील रात्री गोठविणाऱ्या होत्या. त्या शिखरांवरून इन्सासविषयीं तक्रारी आल्या. थंडीनें प्लॅस्टिकच्या पेट्या तडकल्या. रायफल मध्येंच अडकून बसली. तीन गोळ्यांची योजना असतां कांहीं रायफली थांबेचनात. गोळी झाडतांना वंगणाचे तुषार डोळ्यांत उडाल्याच्याही तक्रारी होत्या. कड्यावर अंग चिकटवून, वरून शत्रूचा मारा चालू असतां, तडकलेली पेटी हातांत आलेल्या शिपायाच्या मनाची काय स्थिति होत असेल, याची कल्पना शहरांतील माणसानें करूं पाहावी एवढेंच.

याच्या उलट साक्षही तितकीच स्पष्ट आहे. सपाटीवरच्या नेमबाजीच्या मैदानांत हीच रायफल अचूक आणि हलक्या धक्क्याची म्हणून नांवाजली गेली. साध्या हवामानांत, नीट पुसून, बेतानें तेल देऊन ठेवलेल्या इन्सासनें वर्षानुवर्षें कुरकुर केली नाहीं असें सांगणारे शिपाई पुष्कळ आहेत. मग खरें कोणाचें?

या प्रश्नानें २००५ सालीं दोन देशांतील वादाचें रूप घेतलें. भारतानें नेपाळच्या सैन्यास सवलतीच्या दरानें इन्सास रायफली दिल्या होत्या. त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें कालिकोट जिल्ह्यांत माओवाद्यांनीं लष्करी तळावर हल्ला केला. त्यांत नेपाळचे चाळीसांहून अधिक सैनिक मारले गेले. दीर्घ वेळ चाललेल्या चकमकींत रायफली नीट चालल्या नाहींत, असें नेपाळी सैन्याच्या प्रवक्त्यानें जाहीरपणें सांगितलें. भारताच्या वकिलातीचें उत्तर असें कीं, दोष वापरण्याच्या पद्धतींत असावा. हवें तर शिक्षण देऊं. एक पक्ष शस्त्राकडे बोट दाखवी, दुसरा हाताकडे. रात्रभर चाललेल्या माऱ्यानें तापलेली नळी आणि मैदानावर ठराविक गोळ्या झाडून पुसून ठेवलेली नळी यांचा न्याय एकाच तागडींत होत नाहीं, ही गोष्ट या वादांत मागें राहिली.

अशा वादाचा निकाल कसा लागतो, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें आहे. व्हिएतनामच्या युद्धांत १९६५ नंतर अमेरिकन शिपायांस एम-१६ नांवाची, प्लॅस्टिकच्या दस्त्याची हलकी रायफल देण्यांत आली. ती ऐन लढाईंत अडकूं लागली. घरीं गेलेल्या पत्रांतून हाकाटी झाली आणि १९६७ सालीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीनें चौकशी केली. तींत शिपाई दोषी ठरला नाहीं, आणि प्लॅस्टिकही नाहीं. काडतुसांतील दारू मध्येंच बदलली होती आणि तिच्यामुळें आंत अधिक काजळी धरत होती. दमट हवेंत गंजूं नये म्हणून काडतूस बसण्याच्या कोठीस द्यावयाचा क्रोमचा मुलामा दिला नव्हता. आणि या रायफलीस फारशी सफाई लागत नाहीं, अशा समजुतीनें सफाईचें साहित्यच पुरेसें पाठविलें नव्हतें. हीं कारणें एकेक दूर केल्यावर तीच रायफल पुढें अनेक दशकें त्या सैन्यानें विश्वासानें वापरली. शिपायाची तक्रार तुकड्या तुकड्यांनीं तपासली, म्हणून हें साधलें.

इन्सासच्या बाबतींतही दुरुस्त्या झाल्या; कारगिलनंतर सुधारलेल्या रायफली आल्या. परंतु शस्त्राचें एकदां गेलेलें नांव परत मिळविणें कठीण. नक्षलग्रस्त भागांत काम करणाऱ्या केंद्रीय राखीव पोलीस दलानें २०१४ सालीं ही रायफल बदलून मागितली आणि पुढें त्या भागांतील जवानांस ए. के. जातीच्या रायफली मिळाल्या. सैन्यानें २०१९ सालीं ७२,४०० अमेरिकन रायफलींची मागणी नोंदविली. २०२१ च्या डिसेंबरांत सहा लाखांहून अधिक ए. के. २०३ रायफली अमेठीजवळ कोरवा येथें बनविण्याचा रशियाशीं करार झाला. अनेक राज्यांच्या पोलिसांच्या खांद्यावर मात्र इन्सास आजही दिसते, आणि तेथें तिच्याविषयीं बरें बोलणारेही भेटतात. प्लॅस्टिक वाईट म्हणून तें टाकून द्यावें, असें यावरून कोणी ठरविलें नाहीं. दोष कडाक्याच्या थंडींत ठिसूळ होणाऱ्या त्या विशिष्ट प्लॅस्टिकचा होता. ग्लॉकचा सांगाडा आल्प्सच्या देशांतच जन्मला हें विसरून चालणार नाहीं.

याची साक्ष पुन्हां पाषाणनेंच दिली. २०२१ च्या जानेवारींत या संस्थेनें महूच्या पायदळ विद्यालयाच्या सहकार्यानें 'अस्मि' नांवाचें नऊ मिलिमीटरचें यंत्रपिस्तूल पुढें आणलें. त्याचा वरचा भाग विमानास वापरतात तशा ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन तंतूंच्या कृत्रिम द्रव्याचा. वजन दोन किलोच्या आंत. आणि या वेळीं आराखड्याच्या टेबलाशीं संशोधकाबरोबर पायदळाचा एक अधिकारी, लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड, होता. २०२४ सालीं सैन्याच्या उत्तर विभागासाठीं ५५० 'अस्मि' घेण्याचें ठरलें. उत्तर विभाग म्हणजे तेच बर्फाचे डोंगर, जेथें इन्सासच्या पेट्या तडकल्या होत्या.

मुळेच्या पलीकडे हिंजवडींत संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्या तरुणांस हा धडा परका नाहीं. दूरच्या गिऱ्हाइकाची तक्रार आली कीं, 'आमच्या यंत्रावर तर ठीक चालतें' हें उत्तर तेथेंही प्रथम ओठावर येतें. जाणता कारागीर तें गिळून टाकतो आणि गिऱ्हाइकाचें यंत्र कसें आहे, कोठें आहे, त्यानें नेमकें काय केलें, हें विचारूं लागतो. तेथें फार तर थोडें नुकसान होतें. कड्यावरच्या शिपायाच्या बाबतींत तो प्रश्न विचारण्यास लागलेला प्रत्येक दिवस कोणाच्या तरी घराला महाग पडतो. दोन साक्षी जुळत नाहींत तेव्हां खोटा कोण हें शोधीत बसण्याआधीं, ते दोघे कोठें उभे होते एवढें विचारावें. आणि जो अधिक अवघड जागीं उभा होता, त्याचें म्हणणें आधीं ऐकून घ्यावें.