इंच, मिलिमीटर आणि झिजलेला नट

थोरल्या भावाच्या माघारी त्याची अमेरिकी बनावटीची बेस गिटार माझ्याकडे आली. नागपूरच्या पावसाळ्यात तिची मान पुढे वाकली. ती सरळ करताना मीच ट्रस रॉडच्या नटची षटकोनी खाच झिजवली. तेव्हापासून या नटचा इतिहास शोधतो आहे.

तारांच्या ओढीला तोंड देणाऱ्या या पोलादी सळईचे पेटंट गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये मिळाले. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ चा. आपण १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. अमेरिकी गिटारींत मात्र इंच टिकला. माझ्या नटला ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मिलिमीटरची चावी हवी होती. मी साडेचारची घातली. ती आतल्या आत फिरली आणि कोपरे गेले.

तारा सैल केल्या, किंचित मोठी चावी हलकेच ठोकून नट काढला. सळईचे आटे पुसून, त्याच आट्यांचा नवा नट थेंबभर तेलाने बसवला आणि पाव-पाव फेरीने आवळला. सळई तुटली असती, तर भावाची गिटार मुकीच झाली असती.

जुना नट जपून ठेवला आहे. कायद्याने निरोप दिलेला इंच त्यात अजून मुक्कामाला आहे.