एकशे सत्तावीस घातांकाची मूळ संख्या

दोनच्या १२७ व्या घातातून १ वजा केल्यास १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही ३९ अंकी संख्या मिळते. ती मूळ संख्या असल्याचे फ्रेंच गणितज्ञ एद्वार ल्यूका यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले. १९५१ पर्यंत हीच ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

मर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या घातांकांच्या यादीत १२७ चा समावेश होता. मात्र यादीसोबत सिद्धता नव्हती. त्याच यादीतील ६७ या घातांकाची संख्या मूळ नसल्याचे ल्यूका यांनीच दाखवून दिले.

संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहणे मानवी आवाक्याबाहेरचे होते. ल्यूका यांची कसोटी विभाजक न शोधताच निर्णय देते. डेरिक लेहमर यांनी सुलभ केलेल्या तिच्या रूपात ४ पासून आरंभ होतो. प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यायची. ही कृती १२५ वेळा केल्यानंतर बाकी शून्य आल्यास संख्या मूळ ठरते.

या संख्येला तिच्या निम्म्याहून अर्ध्याने अधिक असलेल्या, म्हणजे दोनच्या १२६ व्या घाताने गुणल्यास परिपूर्ण संख्या मिळते. तिच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी मूळ संख्येची खातरजमाही याच कसोटीने झाली.